मुक्या बारवेतली तिसरी हाक

"पेरो," दीक्षा म्हणाली.

"पेर्रो," बारवेतून उत्तर आलं.

मार्च महिना, भर दुपारचे बारा, आसपास चिटपाखरू नाही. दीक्षाच्या हातातला मोबाईल सुटता सुटता राहिला. तिनं वाकून पाहिलं. दगडी पायऱ्या एकाखाली एक उतरत काळोखात गेल्या होत्या, तळाशी हिरवं पाणी होतं, आणि ते पाणी जराही हलत नव्हतं.

घाबरायला दोन कारणं होती. एक म्हणजे आवाज परत आला होता, आणि हिंगोलीकडच्या गोरेगावच्या त्या बारवेतून आवाज कधीच परत येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणून तर तिला मुकी बारव म्हणतात. दुसरं कारण पहिल्याच्या वरताण होतं. परत आलेल्या आवाजानं दीक्षाची चूक सुधारली होती!

आता गोरेगावची पोरगी भर उन्हात बारवेच्या काठावर बसून स्पॅनिशमध्ये 'कुत्रा' काहून म्हणत होती, ते आधी सांगते. दीक्षाचे वडील किशनराव यांची गावात पिठाची गिरणी. घर गिरणीला चिकटूनच, त्यामुळे सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत घरात नुसती धडधड. दीक्षा बी.ए. झाली, हिंगोलीला वर्षभर इंग्रजी बोलायचा क्लास केला, आणि मग घरी बसून मोबाईलवर, इंग्रजीतूनच, स्पॅनिश शिकली. पुण्यातल्या एका कंपनीला परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर स्पॅनिश बोलणारी माणसं हवी होती. लेखी परीक्षा दीक्षानं एका झटक्यात मारली. तोंडी परीक्षेला मात्र पार आपटली.

"तुमचं व्याकरण छान आहे," फोनवरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "पण तुमचं स्पॅनिश इंग्रजीच्या नाकातून येतं. सहा आठवड्यांनी अजून एक संधी देते. शेवटची."

शेवटची! तो एक शब्द दीक्षाच्या डोक्यात गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरत होता. आणि गंमत बघा. क्लासच्या सरांनी वर्षभर कानीकपाळी ओरडून तिचा 'त' मोडून 'ट' केला, 'र' जिभेत गुंडाळून गिळायला लावला, गावची जीभ गावातच ठेवायला सांगितलं. आणि स्पॅनिशला नेमकी तीच गावची जीभ हवी होती. 'तोमाते' म्हणायचं, 'टोमॅटो' न्हाई. 'र' असा खणखणीत वाजवायचा की समोरच्याचे कान उभे राहावेत. हसावं का रडावं, सांगा.

तर घरी धडधड, म्हणून दीक्षा रोज दुपारी आपल्या शेतातल्या बारवेवर यायची. वरच्या पायरीवर पिंपळाची सावली असायची. मोबाईलमधली बाई एक अक्षर म्हणायची, मग दीक्षा म्हणायची. पहिल्या दिवसापासून तिनं बाराखडी पार मुळापासून धरली होती... आ, ए, ई, ओ, ऊ. एकेक अक्षर, सावकाश, लेकराला शिकवावं तसं.

त्या दिवशी मात्र ती चपला हातात घेऊन घरी पळाली.

"बारवेवर बोलून राहिलीस तू?" जनकाआत्याची भाकर थापता थापता थांबली. जनकाबाई म्हणजे किशनरावांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून इथंच राहायची.

"अभ्यास करून राहिले, आत्या."

"अगं बाई माझे! आमी पोरी होतो तवा गावच्या बाकी विहिरी आमाला कुठं होत्या? ही मुकी कुणाला नको, म्हणून आमची. रोज पाणी भरलं आमी तिथं. पर तोंडातून शबूद म्हणून काढला न्हाई. हंडा बुडवायचा, उचलायचा, मुकाट चढायचं. त्या पाण्याला बोल शिकवू नये, दीक्षा. एकलं हाय ते. बोलाया आलं की माणसाला बोलावणारच."

"बोलावून बोलावून काय म्हणंल?"

"नावानं हाक मारतंय. दोनदा. तिसरीला त्याचा दम पुरत न्हाई. तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ नये, ही गोष्ट पदरात गाठ मारून ठेव."

किशनराव हात धूत होते. ते हसले. "जनकाबाय, पोरीला काय बी भरवून नको राहू. भूत-बित, नवस-बिवस आपल्यात काई नसतं." मग दीक्षाकडं वळून म्हणाले, "पर खाली उतरू नको बरं का. शेवटच्या पायऱ्या निखळल्यात. पाय गेला तर पाणी दोन पुरुष खोल हाय."

दीक्षा म्हणाली, व्हय. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत बारवेवर! करणार काय, परीक्षा तोंडावर आली होती. भीतीपेक्षा नापास व्हायची भीती मोठी होती.

"पेरो," ती हळूच म्हणाली. अंगावर काटा आला होता, तरी म्हणाली.

"पेर्रो," खालून आलं. पुरुषाचा आवाज. तरुण, जरा दबका, पण 'र' कसा, तर थरथरत नाचणारा.

"कोण हाय खाली?"

एक कबूतर उडालं, तेवढंच.

"बाका," मोबाईलमधली बाई म्हणाली. म्हणजे गाय.

"व्हाका," दीक्षा म्हणाली. सवयच तशी, अक्षर 'व्ही'चं ना.

"बाका," खालून दुरुस्ती आली.

आणि दीक्षाला चक्क हसू फुटलं. "बरं बाबा, बाका. तू भूत हायस का मास्तर?"

तिनं युक्ती केली. "म्हण बरं, दीक्षा लई हुशार हाय."

तिनं 'पाणी' म्हणून पाहिलं, 'भाकर' म्हणून पाहिलं. मराठी शब्दाला खालून हूं की चूं नाही. मग ती 'मान्याना' म्हणाली, म्हणजे उद्या... आणि खालून तो 'न्या' इतका गोड आला की तिला उगाचच लाजल्यासारखं झालं.

"म्हणजे भूत ते भूत, अन् वरून परदेशी," ती म्हणाली. "काय नशीब बाई माझं!"

तिला वाटलं, खाली कुणीतरी हसू दाबलं.

अशी रोजची गाठ पडायला लागली. भीती गेली होती असं नाही. पायऱ्यांवरून येणारा गारवा भर उन्हात मानेला लागायचा, आणि पाण्यावर कधी कधी वारा नसताना एकच वर्तुळ उमटायचं, तेव्हा ती पाय वर घ्यायची. पण बारा वाजले की तिचे पाय आपोआप शेताकडं वळायचे. जाताना ती वेणी नीट करायची. भुतासाठी वेणी! स्वतःशीच चिडायची आणि परत आरशात पाहायची.

'र' मात्र तिला काही केल्या साधेना. तेव्हा खालून एका दुपारी वेगळंच काही आलं.

"हुर्र्र... हुर्र्र..."

ज्वारीवरची पाखरं हाकताना करतात तसा तो आवाज होता. दीक्षा लहानपणी मचाणावर उभी राहून गोफण फिरवत हीच आरोळी ठोकायची. क्लासच्या सरांनी पुसून टाकलेली आरोळी! ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि सगळं शेत दणाणून सोडलं. "हुर्र्र! हुर्र्र! पेर्रो!"

"पेर्रो!" खालून आनंदानं आलं.

एकीकडं हे चाललेलं, आणि दुसरीकडं गिरणीवर एक पोरगा यायला लागला होता. पुसेगावचा. मामाच्या शेतात हळद शिजवायला आला होता, स्वतःचा बॉयलर ट्रॅक्टरला जोडून. मामाचं शेत दीक्षाच्या शेताला लागूनच होतं. त्याच्या शर्टाला, नखांना, पापण्यांनासुद्धा पिवळी झाक, आणि अंगाला उकळत्या हळदीचा वास. ज्वारीचा डबा ठेवायचा, बोटांनी किलो दाखवायचा, बाजूला उभा राहायचा. लोक त्याला मुका म्हणायचे.

"नाव काय लिहू डब्यावर?" दीक्षानं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. ओठ घट्ट मिटले गेले, गळ्याची शीर ताणली, चेहरा लाल झाला... आणि काहीच बाहेर आलं नाही. मागं उभ्या दोघा-तिघांनी फिदीफिदी केलं. त्यानं मान खाली घातली. मग गिरणीच्या फळीवर सांडलेल्या पिठात बोटानं लिहिलं, प्रज्ञेश.

"नाव तर लई जोरदार हाय," दीक्षा म्हणाली.

तो हसला. आवाज न करता, पण सगळ्या चेहऱ्यानं. दीक्षाचं तोलणं चुकलं आणि पाच किलोला सहा किलोचे पैसे लागले. त्यानं मुकाट्यानं दिले, वर पुन्हा दुसऱ्या दिवशी आला. एकट्या माणसाला किती पीठ लागतं हो?

"हे बघ," तिनं एकदा गर्दी नसताना पिठात इंग्रजी अक्षरं काढून दाखवली. "याला म्हणायचं 'ओला'. म्हणजे राम राम, जय भीम, काय बी समज. पहिलं अक्षर 'ह' हाय. लिहायचं, पर म्हणायचं न्हाई."

त्यानं भुवया उडवल्या. मग काहून लिहायचं?

"असतंय एखादं अक्षर तसं. आत असतंय, वाजत न्हाई." ती हसत म्हणाली आणि मग हसू थांबलं, कारण तो तिच्याकडं बघतच राहिला होता. गिरणीचा पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, आणि तिला आपलं काळीज त्या धडधडीतही ऐकू येत होतं.

त्या रात्री तिचा डोळा लवकर लागला नाही. एक बोलतो तो दिसत नाही, आणि दिसतो तो बोलत नाही. आपल्या वाट्याला सगळं अर्धं अर्धंच काहून यावं, असं तिला वाटलं. चाणाक्ष वाचकांना कळलं असेल, पण दीक्षाला नाही कळलं. प्रेमात पडलेल्या माणसाला साधी बेरीज येत नाही, हे जुनंच आहे.

परीक्षेआधीचा सोमवार उजाडला. 'ख़' तेवढा राहिला होता. तो तिला तिची मैत्रीण तरन्नुमनं शिकवला. तरन्नुमचं बाजारात शिवणाचं दुकान होतं. "ख़ालाला हाक मारते मी, तसा घशातून काढ. इतकी काय तकलीफ हाय त्यात?" असं म्हणून तिनं पाच मिनिटांत काम फत्ते केलं.

तो 'ख़' घेऊन दीक्षा बारवेवर आली. पिंपळाची पानं हलत नव्हती. शेजारच्या शेतातून रोज येणारा उकळत्या हळदीचा वास आज नव्हता, तिनं ते मनावर घेतलं नाही. 'ओख़ो' म्हणायचं होतं, म्हणजे डोळा. तिनं श्वास घेतला...

"ओख़ो," खालून आलं.

ती अजून बोललीच नव्हती.

"अरे वा, आज लई घाई," ती उसनं हसली. हातावरचे केस उभे राहिले होते. आवाज रोजच्यापेक्षा ओला वाटत होता, आणि रोजच्यासारखा समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याच्या बाजूनं नाही, तर थेट पाण्यातून आल्यासारखा. पण आज तिला धीर हवा होता, परवा परीक्षा होती. माणूस अशा वेळी नको ते बोलून जातं.

"ऐक," ती म्हणाली. "मी पास झाले ना, तर शेवटच्या पायरीवर येऊन तुला भेटीन. दिला शब्द."

पाण्यावर एक वर्तुळ उमटलं आणि सावकाश काठाला येऊन विरलं.

नवस आपल्यात नसतो. पण शब्द दिला तर तो आपल्यातही पाळायचा असतो, आणि पाण्यावर दिलेला शब्द तर जास्तच.

बुधवारी अकरा वाजता तरन्नुमनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मशीन बंद केली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हातानंच पिटाळलं. दीक्षानं फोन कानाला लावला. अर्धा तास ती बोलली. 'त' गावचा, 'ख़' तरन्नुमचा, आणि 'र' ज्वारीच्या मचाणावरचा. शेवटी पलीकडच्या मॅडम हसल्या. "सहा आठवड्यांत काय केलंत हो? एक तारखेला पुण्याला या."

तरन्नुमनं तिला मिठी मारली आणि शटर वर करून अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं. दीक्षा गिरणीवर गेली. किशनरावांनी पट्टा थांबवला, पिठाच्या हातांनीच तिचं डोकं जवळ घेतलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. जनकाआत्यानं साखर वाटली.

आणि बारा वाजता दीक्षा बारवेच्या काठावर उभी होती. शब्द दिला होता ना.

तिनं चपला वर काढल्या. पायऱ्या तिनं मोजल्या. दहा... वीस... पंचविसाव्या पायरीवर ऊन संपलं. कबुतरं कोनाड्यांत होती, पण एकही घुमत नव्हतं. अठ्ठाविसावी पायरी पायाखाली डगमगली. तिसाव्या पायरीवर शेवाळ होतं, गार, बुळबुळीत. पुढं पाणी. समोरच्या भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यात पालापाचोळा आणि एक पाण्याची बाटली पडलेली होती. माणूस कुणीच नव्हतं.

"मी आले," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या ओठांपाशीच मेला. "पास झाले. तुझ्यामुळं."

तिनं पाण्याकडं वाकून पाहिलं.

"दीक्षा."

आवाज पाण्यातून आला. स्वच्छ, गोल, एकही अक्षर न सांडता. तो त्याचा आवाज होता... आणि नव्हताही. त्यात खोल कुठं तरी तिचा स्वतःचा आवाज मिसळलेला होता. आणि तो मराठीत आला होता.

पळावं असं वाटलं, आणि त्याहून जास्त असं वाटलं की पुढं व्हावं. इतक्या मायेनं तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. कुणीतरी कितीक वर्षं एकटं बसून फक्त हे एक नाव शिकलं असावं, तशी ती हाक होती.

"दीक्षा," पाणी दुसऱ्यांदा म्हणालं.

'ओ' तिच्या ओठांवर आला होता. उजवा पाय उचलला गेला होता, तो कधी उचलला ते तिला कळलं नाही. पावलाखाली हिरवं पाणी अगदी निवांत होतं, वाट बघत असल्यासारखं. तेवढ्यात—

"दी..."

वरून. पायऱ्यांच्या माथ्यावरून.

"दी... दी... दी..."

शब्द अडकला. तुटला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडकला. कुणीतरी सगळा जीव एकवटून एका अक्षराचा दगड ढकलत होतं आणि तो हलत नव्हता. दीक्षा एका पायावर उभी होती. खाली पाणी थांबलं होतं. तीही थांबली. तो शब्द पुरा व्हायची ती वाट पाहत राहिली, आणि तिला वाटलं, हा पुरा झाला नाही तर आपणही पुऱ्या होणार नाही.

"दी-दी-दीक्षा!"

"ओ!" दीक्षा म्हणाली. "ओ, आले!"

उचललेला पाय तिनं मागं टाकला. खालची पायरी निखळून पाण्यात गेली. डुबुक् असा आवाज व्हायला हवा होता, पण झाला नाही.

वरून तो धावत उतरत आला होता. प्रज्ञेश. एका हातात तिच्या चपला, कुणास ठाऊक काहून. दुसरा हात त्यानं पुढं केला. तो हात पिवळा होता, गरम होता. दोघं मागं न बघता चढले, उन्हात आले, आणि पिंपळाखाली मटकन बसले.

"तू बोलतोस?" दीक्षा म्हणाली. दम लागला होता, रडूही येत होतं.

"अ-अ-अडखळतो. म्हणून बो-बोलत न्हाई." त्यानं चपला तिच्या पायांपाशी ठेवल्या. "मी... मीच होतो. त्या को-कोनाड्यात. मामाच्या बाजूनं भ-भगदाड हाय. दुपारचा तिथं गा-गार वाटतं म्हणून झोपायचो. तू आलीस. तू चु-चुकून राहिली होतीस. मला राहवलं न्हाई."

"अन् तवा तर तुझी जीभ कधी अडली न्हाई!"

"दुसऱ्याच्या मा-मागं बोललं की न्हाई अडत."

"मंग मराठी काहून न्हाई बोललास? मी इतकं म्हटलं, म्हण म्हण."

त्यानं नखातली हळद खरवडली. "मराठीत स-समद्यांनी हसून घेतलंय मला. त्या भा-भाषेत अजून कुणी ह-हसलं न्हाई."

वाक्य लांबलं. मध्ये दोनदा तिला शब्द सुचले होते. तिनं ते दिले नाहीत. तो जिथं अडायचा तिथं ती थांबायची, घाई न करता, जशी गिरणीवर दळण व्हायची वाट बघतात. त्याच्या ते लक्षात आलं. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"तरन्नुमनं बा-बाजारात ओरडून सांगितलं. म्हटलं, आज लपायचं न्हाई. स-समोरून जायचं. आलो तर नुसत्या चपला."

"पर सोमवारी लई घाई केलीस हं," ती डोळे पुसत, हसत म्हणाली. "माझ्या आधीच बोलून मोकळा."

"सो-सोमवारी?" तो गोंधळला. "सोमवारी बॉयलर आखाडा बा-बाळापूर गावाला होता. दोन दिस मी ति-तिकडंच होतो."

दीक्षाचं हसू जागच्या जागी राहिलं. हळदीचा वास त्या दिवशी नव्हता, हे तिला आठवलं.

"अन् आत्ता," ती हळू म्हणाली, "आत्ता मला किती हाका मारल्यास?"

"ए-एकच. ती बी किती येळ लागला." तो लाजला. "तुझं नाव मला घे-घेताच येत न्हाई. कोनाड्यात ए-एकटा असताना बी आलं न्हाई. आज प-पहिल्यांदा."

दोघांनी बारवेकडं पाहिलं. उन्हात ती साधी दगडी बारव दिसत होती. काठावर पळसाचं एक केशरी फूल पडलं होतं. दीक्षाला आत्याची भाकर थापता थापता थांबलेली आठवली. महिनाभर रोज, आ पासून, एकेक अक्षर, सावकाश. मोबाईलमधली बाई, मग ती, मग तो. आणि खाली तिसरं कुणी तरी मन लावून ऐकत बसलेलं.

"आपण शिकवलं तिला," ती म्हणाली. "दोघांनी मिळून."

प्रज्ञेशनं तिचा हात घट्ट धरला. मग तिच्याकडं पाहून, एकदम, न अडता म्हणाला, "ते किएरो."

मोबाईलमधल्या बाईच्या शेवटच्या धड्यातलं वाक्य होतं ते. म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. पण दीक्षा दचकली. "नको," ती म्हणाली. "असं गुळगुळीत नको रे. गुळगुळीत आवाजाचं मला आता भ्या वाटतंय. आपल्या बोलीत म्हण. अडखळत म्हण. किती बी येळ लागू दे."

"मला तू..." त्यानं सुरुवात केली. "मला तू आ... आ... आ..."

पिंपळाचं एक पान गळून तिच्या मांडीवर पडलं. पुसेगावच्या रस्त्यानं एक जीप गेली, तिचा हॉर्न दूर विरला. ती थांबली. जन्मभर थांबायची तयारी असल्यासारखी थांबली.

"...आवडतेस."

"मला बी," दीक्षा म्हणाली, आणि तिनं आपलं डोकं त्या पिवळ्या शर्टावर टेकवलं.

एक तारखेला ती पुण्याला गेली. जनकाआत्यानं किशनरावांच्या मागं लागून बारवेवर लोखंडी जाळी टाकून घेतली, आणि भूत-बित काही नसतं म्हणणाऱ्या किशनरावांनी एकही प्रश्न न विचारता ती टाकली. दिवाळीत प्रज्ञेशचे आईवडील पुसेगावहून बोलणी करायला येणार, असं ठरलं. रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन यायचा. नाव घ्यायला त्याला वेळ लागायचा. दीक्षा खोलीच्या खिडकीत बसून तो वेळ ऐकायची. दिवसभर गुळगुळीत बोलणाऱ्या माणसांशी बोलून दमलेल्या तिला तेवढंच घरी गेल्यासारखं वाटायचं.

श्रावणात एकदा फोन वाजला. सात वाजायला पाच मिनिटं होती. तिनं नंबर न बघताच उचलला.

"दीक्षा."

स्वच्छ. गोल. पहिल्या फटक्यात.

क्षणभर तिला आनंदच झाला. जमलं की रे तुला, असं ती म्हणणार होती. मग तिच्या लक्षात आलं, की मागं गिरणी नाही, ट्रॅक्टर नाही, माणसाचा श्वाससुद्धा नाही. फक्त कुठं तरी खोल, दगडावर, पाणी ठिबकत होतं.

"दीक्षा."

तिनं दुसऱ्या हातानं आपलं तोंड दाबून धरलं. किती तरी वेळ पाणी ठिबकत राहिलं. तिसरी हाक आली नाही. मग फोन आपोआप बंद झाला.

बरोबर सातला तो पुन्हा वाजला.

"दी... दी-दी..."

ती थांबली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं एक अक्षरही पुढं ढकललं नाही.

"दी-दीक्षा?"

"ओ," ती म्हणाली. "ओ रे... ओ."